हरलो तरी मुद्दल जागेवर

१ जून, रविवार

तोडलं! जुनं सिमकार्ड दातांत धरून दोन तुकडे केले आणि संडासात टाकले. बेटिंगवाल्यांकडचं माझं खातं त्याच नंबरावर होतं. आता ना त्यांचे मेसेज, ना 'फक्त तुमच्यासाठी आजचे खास दर'. कोपऱ्यावरच्या टपरीतून नवा नंबर घेतला.

त्यावरून सासरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "कोण, जावईबापू? आज कुठली टीम हरली?" मग बायको फोनवर आली, आवुअर. सिमचं सांगितलं. म्हणाली, "आपोंडीचे बाबा, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंय."

खरंच आहे. सांगितलं तीनदा, तोडलं आज पहिल्यांदा. पण ती तिकडे सियायाला आईकडे, मी इथे किसुमूत. दाखवू कसं?

३ जून, मंगळवार

आवुअरची अट लिहून ठेवतो, डोळ्यांसमोर राहील. ऑगस्टअखेर बँकेच्या बक्षीस-खात्यात वीस हजार शिलिंग हवेत, मध्ये एकदाही हात न लावलेले. तर ती आणि आपोंडी परत येणार. नाहीतर आपोंडीचं नाव तिकडच्या शाळेत.

गावी बांधायच्या घराच्या पत्र्यांचे पैसे होते. ईस्टरच्या शनिवारी एका दुपारात उडवले मी. दुसऱ्या दिवशी ती प्रार्थनेला म्हणून निघाली ती मुलीला घेऊन थेट माहेरी. कुठल्या तोंडाने अट जड आहे म्हणू?

आज खात्यात अकरा हजार.

८ जून, रविवार

पोरांना संभाव्यता शिकवतो आणि स्वतः कधी मांडून पाहिली नाही! आज पाहिली.

खात्यात दर हजारामागे एक तिकीट. बँकेच्या फलकावर आकडा आहे – एकूण ऐंशी हजार तिकिटं. म्हणजे आठ कोटी ठेवी. दरमहा चार लाखांची बक्षिसं – एक दोन लाखांचं, बाकीची किरकोळ. वर्षाला शेकडा सहा पडले. साध्या खात्यात साधारण तेवढंच मिळतं, फक्त इथे व्याज सगळ्यांना न वाटता थोड्यांच्या झोळीत टाकतात. बहुतेकांना शून्य. मलाही शून्यच, धरून चालावं.

आता बेटिंगची दहा सामन्यांची चिठ्ठी. प्रत्येक सामन्याला जिंकणं, हरणं, बरोबरी – तीन वाटा. तीनचा दहावा घात एकोणसाठ हजार एकोणपन्नास. डोळे मिटून लावली तर तेवढ्यांत एक चिठ्ठी लागणार. आणि चिठ्ठीचे पन्नास शिलिंग गेले ते गेले.

इकडे मोठं बक्षीस लागायची शक्यता ऐंशी हजारांत अकरा. नाही लागणार. पण हरलो तरी मुद्दल जागेवर! एवढं साधं वाक्य पाच वर्षांपूर्वी कुणी थोबाडीत मारून सांगितलं असतं तर.

१४ जून, शनिवार

आज सामने आहेत.

उकोच्या सलूनमध्ये गेलो, कारण घर खायला उठतं. तिथे टीव्ही. उको म्हणाला, "मास्तर, दाढी करायला आलात की दर बघायला?" सगळे हसले. कुणीतरी चिठ्ठी पुढे केली, "फक्त वीस शिलिंग हो, मास्तर!" अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. वस्तीतून तसाच घरी आलो. पोरं मागे लागली.

लावले नाहीत. लावले नाहीत!

३० जून, सोमवार

पगार झाला. तीन हजार टाकले, चौदा झाले. महिनाभर ओमेनाची सुकी मासळी आणि मक्याची उगाली, साखरेचा चहा बंद.

बँकेत नवा नंबर कळवायचा राहिलाय. स्वतः जाऊन फॉर्म भरावा लागतो. बँक चारला बंद, माझा शेवटचा तास चारला सुटतो, शनिवारी जादा वर्ग. हेडबाई म्हणाल्या, "रजा? परीक्षा होऊ द्या, मास्तर." होऊ दे. असं कोण मला फोन करणार आहे!

११ जुलै, शुक्रवार

आपोंडी फोनवर: "बाबा, आजीने इथल्या शाळेचा गणवेश शिवायला टाकलाय. निळा."

२५ जुलै, शुक्रवार

लिहवत नाही. लिहितो.

उकोकडे होतो, गळ्याभोवती फडकं. रेडिओवर बँकेच्या बक्षीस-खात्याची महिन्याची सोडत. नाव पुकारलं – ओबोंडो, किसुमू, शेवटचे आकडे चार एक नऊ. दोन लाख! माझं नाव, माझा नंबर. तोडलेला नंबर. निवेदकाने सगळ्यांना ऐकवत फोन लावला. "आपण लावलेला क्रमांक बंद आहे." पुन्हा लावला. बंद. मी फडक्यासकट रस्त्यावर पळालो, मग कळेना पळून जाणार कुठे, परत आत आलो. तिसऱ्यांदा – बंद.

उको म्हणाला, "कोण हे गाढव, सोडतीच्या दिवशी फोन बंद ठेवणारं?"

मी आहे, म्हणालो. कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

मग होमा बे गावच्या एका बाईला फोन गेला. तिने पहिल्याच रिंगला उचलला, आणि किती किंचाळली!

२८ जुलै, सोमवार

आज रजा मिळाली. आज!

खिडकीवरची मुलगी चांगली होती बिचारी. "मास्तर, नियम तीन कॉलचा. नंबर बदलल्याचं कळवायला हवं होतं. पण तुमचे चौदा हजार आहेत की सुरक्षित." ते ऐकून डोकंच फिरलं. चौदा हजार! परवा मी दोन लाखांचा धनी होतो. इतका जवळून गेलोय, म्हणजे दिवस माझे आहेत. ऐंशी हजारांत चौदा – ते लागलं, मग सामन्यांची चिठ्ठी का नाही?

हे गणित चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं. सातवीतल्या पोराने लिहिलं असतं तर मी लाल फुली मारली असती.

सगळे काढले. फोनवर नाही, बेटिंगच्या दुकानात जाऊन रोख लावले. जुलैत मोठे सामने नसतात. नॉर्वे, फिनलंड. त्या संघांची नावंसुद्धा मला उच्चारता येत नाहीत.

२९ जुलै, मंगळवार

गेले. चौदाच्या चौदा.

आठवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. एक पोरगी म्हणाली, "सर, बरं नाही का?" नाही, बाळा. आवुअरला काय सांगू?

३० जुलै, बुधवार

शाळा सुटली तेव्हा फाटकाशी आवुअर उभी. आपोंडी आणि दोन पिशव्या. "शुक्रवारी रेडिओ ऐकला," म्हणाली. "त्यावर तुमचा जुना नंबर तीनदा लावला, तीनदा बंद. आई म्हणाली, दोन लाख घालवले मेल्याने. मी म्हटलं, आई, अगं त्यांनी सिम खरंच तोडलं होतं!" ती रडत होती. मी खात्याचं सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "नको. पासबुक नका दाखवू. आता मी कधीच विचारणार नाही."