नावेत उभं राहून रामराम घालू नये

मु. आसगाव, कार्तिक महिना, सन १९८३

गिरजेचा धाकटा भाऊ आणि माझा एकुलता एक साळा चिरंजीव भोजराज याले भाटव्याचे पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत, तुझ्या बायकोची तब्येत आणि जवाहरनगरच्या क्वार्टरातल्या नळाची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही खुशाल आहोत. सर्दी झाली आहे, पण साऱ्या घराले सारखीच झाल्यामुळे कोणाची तक्रार नाही. ती कशानं झाली तेच सांगाले हे पत्र लिहून राहिलो.

यंदा पंचायतीनं तलावावर हौसेच्या फिरतीसाठी एक रंगीत नाव आणली आणि देखरेख माझ्याकडे दिली. (गावात छापील कागद शेवटपर्यंत वाचणारा मी एकटाच. चौथीत शाळा सुटली, पण खोड सुटली नाही. चिवड्याच्या पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय फेकत नाही.) नावेसोबत नियमांचा कागद आला. सहाच्या वर माणसं नको. सगळ्यायनं तरंगायचं जाकीट घालावं. वारा सुटला का काठाले यावं. दारू पिऊन वल्ह्याले हात लावू नये. (या एका ओळीनं आपला बाबुलाल नावाडी पहिल्याच दिवशी घरी बसला.) चालत्या नावेत कोणी उभं राहू नये. आणि वल्हं ज्याच्या हाती त्याचा हुकूम साऱ्यायनं पाळावा, मग तो कोणी का असेना. कागद चांगला आहे बावा. पण लिहिणाऱ्याच्या घरी कधी सोयरीक जुळलेली दिसत नाही.

झालं असं, का तुझ्या भाचीले, आपल्या कौशल्येले पाहाले बपेऱ्याहून पाहुणे आले. वासुदेवराव, त्यायची मंडळी सुंदरबाई आणि मुलगा नंदलाल. स्थळ सोन्यासारखं. पोरीलेही मुलगा पसंत पडला (ती बोलली नाही, त्याच्या चहात दोनदा साखर टाकली, त्यावरून समजलं). मी म्हटलं, पोहे तर कोणीही चारते, आपण नावेत फिरवू. नावाडी घरी, म्हणून वल्हं कौशल्येनं घेतलं. तलावातच वाढलेली पोरगी. ती, आम्ही नवराबायको आणि ते तिघं, बरोबर सहा. कोणाले बोट दाखवाले जागा नाही. वासुदेवराव मात्र जाकिटावर अडले. "आमाले कायले बांधता जी? आमी काय बैल आहोत?" शेवटी घातलं, आणि वरून नव्या कोटाच्या गुंड्या लावल्या. भरल्या दिवसाच्या बाईसारखे दिसत होते, पण वराच्या बापाले हे कोणी सांगावं?

तलावाच्या मधात पोहोचलो आणि काठच्या पाळीवर वासुदेवरावांचे मोठे भाऊ गोमाजी उगवले. त्यायची बस चुकली होती. तिथूनच ओरडले, "राम राम वो!" आता मोठा भाऊ उभा असताना लहान भाऊ बसून रामराम घालते काय? वासुदेवराव उठले. व्याही उठला म्हटल्यावर मुलीचा बाप कसा बसून राहील? मी उठलो. दोन्ही बाप उभे पाहून नंदलाल उठला. सुंदरबाईले नवऱ्याचा थोरला भाऊ, भासरा दिसला, म्हणजे डोक्यावर पदर घेऊन पाठ फिरवणं आलं. त्यासाठी त्या उठल्या. विहीण उठली म्हणून तुझी बहीण उठली. बसून होती एकटी कौशल्या. ती ओरडली, "बसा ना जी सारे! बसा म्हणते ना!" पण पाहाले आलेल्या पाहुण्यायनं पोरीचा हुकूम पाळला, असं तू कधी ऐकलं काय?

नावेनं आम्हाले सुपातल्या कोंड्यासारखं पाखडलं. पाणी छातीइतकंच, पण खाली गाळ. मी नंदलालच्या मानेवर, नंदलाल चिखलात, आणि तुझी बहीण मले जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. (तुझ्या वडिलायचाही उद्धार त्यात आला, मले पसंत केल्याबद्दल.) सुंदरबाईच्या तोंडात पाणी गेलं तरी पदर सुटला नाही. वासुदेवराव कोटातल्या जाकिटाच्या भरवशावर पोट वर करून तरंगत होते, आणि शपथ सांगतो, तशा हालतीतही त्यायनं दोन्ही हात जोडून पाळीकडे रामराम घातला. कौशल्येनं एकेकाले ओढून काढलं. होणाऱ्या सासऱ्याले तर कॉलर धरून. गोमाजी पाळीवरून म्हणाले, "पोरगी ताकदीची आहे बावा!"

पाहुणे ओल्या कपड्यायनं बसमध्ये चढले. "विचार करून कळवतो," एवढंच. त्यानंतर निरोप नाही. कौशल्या ताटावरून अर्धपोटी उठते. तुझी बहीण माझ्याकडे पाहते आणि नुसती खोकलते.

बाकी सर्व ठीक. लेकरायले आशीर्वाद.

तुझा भाटवा,
गोपीचंद

ता. क. : बाकी ठीक नाही. खरं काम हे, का सुटी काढ आणि बपेऱ्याले जा. तुझ्यासारखं गोड खोटं आपल्या गोतात कोणाले जमत नाही. सांग, का सोयरिकीच्या वेळी सारे एकाच पाण्यात पडले तर आमच्याकडे शकुन चांगला मानतेत. भाचीसाठी एवढं कर रे बावा.

पुन्हा ता. क. : जाऊ नको. पत्र टाकाले पाळीवरून निघालो, तर नाव पाण्यात. वल्ह्यावर कौशल्या, समोर नंदलाल, दोघायच्या अंगात जाकीट. मायबापाले न सांगता एकटाच आला पठ्ठ्या. मी ओरडलो. तो सवयीनं उठाले गेला, तर पोरगी म्हणाली, "बस!" आणि भोजराज, तो बसला. सासरा पाळीवर उभा, आणि हा गडी बसल्या जागी हात जोडून हासते. घरी येऊन मी गिरजेले सांगितलं, हे लग्न होणारच. नियम पाळणारा जावई भेटला. ती म्हणाली, "नियम नाही जी, बाईचं ऐकणारा भेटला. तुमाले कवा समजन? बसा आता." मी उभाच होतो. मुकाट्यानं बसलो.