कारणाचा रकाना

४ फेब्रुवारी

प्रोस्टेटमध्ये कॅन्सर. गाठ लहान आहे म्हणे. छत्तीस वर्षं लोकांच्या कमरा मोजतोय, पण आपल्याला अशी एक ग्रंथी आहे हे आज कळलं — तेही ती बिघडल्यावर.

डॉक्टरीण आमच्या थोरलीच्या वयाची. मोठा गोल चष्मा. कागदावर तीन चौकोन काढले. ऑपरेशन, किरणं, आणि तिसरा — सध्या काही करायचं नाही, दर तीन महिन्यांनी रक्त तपासून नजर ठेवायची. मग पेन माझ्याकडे सरकवलं. "काका, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटणार! शिकलीय ती. मी म्हटलं, "तुम्हीच बघा."

म्हटलं आणि जीभ चावली. "तुम्हीच बघा, मास्तर" म्हणणारं गिऱ्हाईक मी दुकानाच्या पायरीवरच ओळखतो. ट्रायलला मान डोलावणार, आणि सूट घरी गेला की दुसऱ्या दिवशी भांडायला हजर — खांदा पडलाय, बाही लांब झालीय. अशाला मी आधी स्टुलावर बसवतो. कोट घालून बसायचंय की नाचायचंय, ते सांग. मग कात्री.

चष्मेवालीने मला तसंच बसवलं. "दिवसभर काय करता? काय सुटलेलं चालणार नाही?" मी म्हटलं, विचार करून सांगतो.

५ फेब्रुवारी

काल एक लिहायचं टाळलं. ऑपरेशननंतर लघवी ठिबकू शकते. बहुतेकांची थांबते, काहींची थांबत नाही. आणि ते दुसरंही जाऊ शकतं. "ते दुसरं" हे शब्द माझे. चष्मेवालीने सरळ नाव घेतलं, आमच्या हिच्यासमोर! ही भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत बसली, जणू उद्या त्याच्यावर पेपर आहे.

थोरलीचा फोन. "बाबा, काढून टाका आणि विषय संपवा." पोरीचं सगळं असंच. केसही असेच कापते.

८ फेब्रुवारी

चार दिवसांत हिने मला एकही टोमणा मारलेला नाही. प्रकरण गंभीर दिसतंय.

११ फेब्रुवारी

दवाखान्यातून दोन फॉर्म दिले. एक मला, एक हिला. काय हवंय तिथे खूण करा, शेजारच्या रकान्यात कारण लिहा. एकमेकांचं बघायचं नाही, अशी ताकीद. शाळेतसुद्धा इतकं कडक नव्हतं.

मी ऑपरेशनवर खूण केली.

खरं सांगायचं तर मला ते नकोय. दिवसातले आठ तास मी टेबलाशी उभा असतो. समोर गिऱ्हाईक हात पसरून उभं, मी त्याच्या छातीला टेप लावलेला, आणि तेवढ्यात माझीच पॅन्ट ओली! त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं. मग मरणाचीही भीती वाटते. दोन्ही एकदम वाटतं.

पण ही आज दोनदा चहा करून दोनदा ओतून देताना दिसली. गाठ माझ्यात असेल, पण झुरतेय ही. काढून टाकली की सुटेल बिचारी.

१८ फेब्रुवारी

चष्मेवालीने दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले. वाचले. चष्मा काढून पुसला, परत वाचले.

"दोघांची खूण ऑपरेशनवर. कारण — काकांनी लिहिलंय, हिच्यासाठी. काकूंनी लिहिलंय, यांच्यासाठी. मग ऑपरेशन नक्की हवंय कोणाला?"

ही म्हणाली, "गाठ आत ठेवून यांना चैन पडायची नाही, असं मला वाटलं."

मी म्हटलं, "मला वाटलं तुलाच पडायची नाही."

एक्केचाळीस वर्षांचा संसार. आम्हाला एकमेकांना काही विचारावं लागत नाही, असं चारचौघांत मिरवत होतो. मिरवा आता!

चष्मेवाली हसली, पण पटकन गंभीर झाली. "गाठीला घाई नाही, मलाही नाही. घरी जा, एकमेकांना विचारा. तोवर मी कशाला हात लावणार नाही."

घरापर्यंत दम निघाला नाही. दवाखान्याच्या कँटीनमध्येच बसलो. ठिबकण्याचं मी सांगून टाकलं. ही म्हणाली, "ठिबकलं तर ठिबकलं. दोन मुली वाढवल्यात, धुवायची सवय आहे मला. पण त्यापायी दुकान सोडून दिवसभर घरात माझ्या डोक्यावर बसलात तर मी वेडी होईन." मग कपाकडे बघत म्हणाली, "मला भीती वाटते हो." मी म्हटलं, मलाही. हे आम्ही याआधी कधी बोललो नव्हतो.

ते दुसरं — त्याबद्दल ती जे म्हणाली ते मी वहीतसुद्धा लिहिणार नाही. शेजारच्या टेबलावरची नर्स उठून गेली.

२५ फेब्रुवारी

तिसरा चौकोन. नजर ठेवायची. रक्ताच्या तपासणीतला आकडा किती वर गेला की परत बोलायचं, तेही तिघांनी मिळून ठरवलं आणि कागदावर लिहिलं. चष्मेवालीने विचारलं, नक्की? मी म्हटलं, कच्ची शिलाई आहे, उसवता येते. तिला आवडलं.

२ मार्च

हिने टोमणा मारला. टेपवरून. तब्येत सुधारतेय.

१२ जून

आकडा चढला. परत गाठीचा तुकडा काढून तपासला — गाठ वाढतेय. चष्मेवालीने दोन कोरे फॉर्म पुढे ठेवले. मी ऑपरेशनवर खूण केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: मला जगायचंय. ही माझ्या फॉर्ममध्ये डोकावली आणि तिने शब्दाला शब्द उतरवून घेतलं. चष्मेवाली मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.