मागे न जाणारा व्हिडिओ प्लेअर

ती. मामांस साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच घातला आहे, उरलेला मनोमन.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी तुमचं गोड बंद केल्याचं आईकडून कळलं. वाईट वाटलं.

आमच्या कंपनीने व्हिडिओ प्लेअर बनवला, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यात व्हिडिओ सुरू होतो. थांबत नाही आणि मागेही जात नाही. साहेबांचं म्हणणं, पहिल्या आवृत्तीत एवढंच पुरे. (प्लेअरच्या चौकटीला रंग मात्र अकरा दिले, कारण रंग साहेबांना आवडतात.) आमच्याकडे चुका शोधायला एकजण आहे, त्याला सगळे खडूस म्हणतात. तो म्हणाला, "साहेब, माणसाला शिंक येते, फोन येतो, दूध उतू जातं." साहेब म्हणाले, "दूध आपल्या कामात बसत नाही." विषय संपला.

मग साहेबांच्या आई ऑफिस बघायला आल्या. साहेबांनी कौतुकाने आमच्याच प्लेअरवर नातीची पहिली पावलं लावली. आधी बराच वेळ नुसता सोफ्याचा पाय दिसतो, कारण कॅमेरा साहेबांनी धरला होता. नात उठली, नेमका तेव्हाच आजींनी चष्मा पुसायला काढला. "परत दाखव रे." साहेब बटण शोधू लागले. आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघत होतो. पुन्हा पहिल्यापासून सोफा. या खेपेला चहा आला. तिसऱ्या खेपेला सूनबाईंचा फोन आला. तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, "घर बांधलंस तर त्याला दार तरी ठेवशील ना?"

साहेब लाल झाले, मग खो खो हसले आणि खडूसला म्हणाले, "घ्या तुमचं दूध कामात."

खडूस आणि मी खपून थांबायचं आणि मागे जायचं, अशी दोन्ही बटणं बसवली. आजी पुन्हा आल्या, नातीचं पाऊल हवेत असतानाच त्यांनी चित्र थांबवलं आणि कितीतरी वेळ बघत बसल्या. कामं टाकून आम्हीही मागे उभे होतो. साहेब डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगत होते.

मामींना नमस्कार.

तुमची,
भाची

ता. क. : खडूसशी मी लग्न करायचं ठरवलं आहे. आईला तुम्हीच सांगा, तुमचं ती ऐकते.

ता. क. २ : हे पत्र त्याने आत्ताच वाचलं आणि शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या. तरीही सांगाच.