मरिटचा अर्ज

विद्यापीठ वसतिगृह, ३ एप्रिल

ती. अर्लोमामास मरिटचा शि. सा. न. वि. वि.

रुबार्बचा मुरंबा पोहोचला. खोलीतल्या मुलींनी दोन दिवसांत फस्त केला. आता खुर्चीत बस आणि वाच. मला मेकॅनिकल सोडून इतिहास घ्यायचाय. गणित जमतं रे, जीव रमत नाही. पण नौदलाने शिष्यवृत्ती दिलीय ती इंजिनिअरिंगसाठी, त्यामुळे विषय बदलायला वरच्या मंडळाची परवानगी हवी. मंडळ मे आणि नोव्हेंबर महिन्यात बसतं. अर्ज विद्यापीठातल्या नौदलाच्या कार्यालयात चीफ डेल्बर्टकडे दिलाय, तुझा जहाजावरचा सोबतीच तो.

मंडळ नाही म्हणालं तर दुसऱ्या वर्षाचे वर्ग भरायच्या आधी नौदल सोडता येतं. त्यानंतर मात्र मी नौदलाच्या नोकरीला बांधली जाईन. मला अधिकारी व्हायचंच आहे, मामा, हे विसरून चिडू नकोस.

मामीला नमस्कार. रागावलास तरी उत्तर धाड.
तुझी मरिट

डुलुथ, ११ एप्रिल

चि. मरिटला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. बाईसाहेब इतिहास शिकणार! तेवीस वर्षं मी इंजिनखोलीत काढली. वरून असे पुस्तकी साहेब यायचे, कुठली झडप कशाची ते ठाऊक नाही आणि हुकूम सोडायचे. अशाच एका हुकमापायी माझ्या हाताखालची दोन पोरं वाफेने भाजली, त्यातला एक गेला. म्हणून शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर इंजिनिअरिंग मीच तुला लिहायला लावलं. खाली काम करणाऱ्यांना तुझ्यासारखा साहेब हवा.

मंडळाचं होईल ते होईल. तू गणिताकडे बघ आणि वेळेवर जेव. मामी आठवण काढते.
तुझा मामा अर्लो

वसतिगृह, २० ऑगस्ट

ती. मामास सा. न.

मेमध्ये मंडळ बसलं, पण यादीत माझं नावच नव्हतं. वाटलं, नोव्हेंबरच्या बैठकीत येईल. उन्हाळाभर जहाजावर शिकाऊ म्हणून होते, चौकशी राहिली. काल कार्यालयात गेले तर माझा अर्ज डेल्बर्टच्या खणात, जसा दिला तसाच. तो लालबुंद झाला. म्हणाला, तुझ्या मामानेच लिहिलं होतं, पोरीचा कागद जरा मुरू दे, डोकं ताळ्यावर येईल.

हे खरं आहे का? मी अर्ज करणार हे कार्यालयप्रमुख कमांडरांना ठाऊक होतं; त्यांनी उद्या लेखी खुलासा मागितलाय, अर्ज मंडळापर्यंत का पोहोचला नाही म्हणून. खरं लिहिलं तर डेल्बर्ट जातो, आणि त्याच्या पेन्शनला दोन वर्षं उरलीत. सोमवारी दुसरं वर्ष सुरू होतंय. लगेच लिही.
मरिट

डुलुथ, २२ ऑगस्ट

चि. मरिट, आशीर्वाद.

हो, मीच. आम्ही चीफ लोक, साहेबांच्या हाताखालचे, जन्मभर हेच करत आलो. साहेबाला न विचारता कागद इकडचा तिकडे करायचा आणि जहाज सुरळीत चालवायचं. तुझ्या बाबतीतही तेच केलं, आणि तुला विचारायचं सुचलं नाही. लाज वाटते.

खरं लिही, पोरी. माझं नाव घाल, डेल्बर्टचंही घाल. मी त्याच्याशी फोनवर बोललोय. तो म्हणाला, पोरीला लिहू दे. तुझ्या वसतिगृहात तीनदा फोन लावला, कुणी उचलत नाही, म्हणून हे जलद टपालाने धाडतोय.
तुझा चुकलेला मामा

वसतिगृह, २५ ऑगस्ट

ती. अर्लोमामास मरिटचा नमस्कार.

तुझं पत्र आज मिळालं. खुलासा मी एकवीसलाच दिला होता. लिहिलं, अर्ज द्यायला मीच विसरले, आणि खाली सही केली. कमांडरांनी एका शब्दाने शंका घेतली नाही. उलट म्हणाले, चूक अशी सरळ कबूल करणारे अधिकारीच आम्हाला हवेत, नोव्हेंबरात तुझी शिफारस मी स्वतः करतो. इतिहासही मिळाला असता, मामा, आणि नौदलही.

पण पहिल्याच सहीला मी खोटं लिहिलं. तुझं पत्र हातात घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले होते. डेल्बर्टची बायको गेल्या वर्षीपासून अंथरुणाला खिळलीय, ते आठवलं आणि मागे फिरले. आणि हे पोटात ठेवून उद्या अधिकारी होऊन हाताखालच्या पोरांना खरं बोला म्हणून सांगणं मला जमणार नाही. म्हणून आज सकाळी, वर्ग भरायच्या आधी, गणवेश परत केला. कमांडरांनी कारण विचारलं. मन नाही, एवढंच मी म्हणाले. हे दुसरं खोटं.

तुझा राग येतो, आणि मायाही येते. दोन्ही एकदम आली की लिहिवत नाही. तेव्हा लोभ आहे तसाच राहू दे, पण नाताळपर्यंत मला पत्र पाठवू नकोस.
मरिट