चौथी वायर

सोमवार, ८ एप्रिल १९७४
आज कुंभारी रस्त्याला ईश्वरप्पांच्या नव्या घरी मुक्कामाला आलो. स्वतंत्र खोली, खिडकीतून वारा, आणि त्यांच्या आईच्या, अक्कम्मांच्या हातची कडक भाकरी. मी, मंद्रूपचा विरुपाक्ष वायरमन, आज भलताच खूश आहे! घर माळावर एकटं, शेजार नाही. काम एवढंच, की स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावला की अक्कम्मांना झिणझिण्या येतात. ईश्वरप्पांची बायको गुरम्मा माहेरी गेली आहे म्हणे, त्यामुळे म्हातारीलाच नळावर जावं लागतं.

ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या चांदसाब उस्तादांनी वायरीतली गळती तपासायला विश्वासाने आपला मेगर दिला आहे. पेटी, बाजूला दांडी. मेन बंद करून दांडी गरगर फिरवायची, पेटीत पाचशे व्होल्ट तयार होतात. वायर धड असेल तर सुई वर आडव्या आठवर, म्हणजे अनंताच्या खुणेवर, कुठे गळती असेल तर खाली शून्याकडे. फिरवण्याआधी "कुनी हात लावू नका!" असं ओरडायचं, ही उस्तादांची शिस्त. मी तर असा ओरडतो की माळावरची ढोरं बुजावीत.

मंगळवार, ९
बोर्डातून चार वायरी निघतात आणि खोल्या तीन. चौथी भिंतीतून मागच्या कोठीत जाते. ईश्वरप्पा म्हणाले, तितं धान्य हाय, किल्ली भावाकडं हाय, दार न उघडता बघा. तीन वायरी ठणठणीत निघाल्या. चौथीला ओरडून दांडी फिरवली आणि सुई थेट खाली! दोन क्षणांनी आपोआप वर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ओल असती तर सुई खालीच बसली असती, आणि एप्रिलच्या सोलापुरात ओल कुठली म्हणा! असला दोष मी पहिल्यांदाच पाहतो आहे. मला तर मजा वाटली.

बुधवार, १०
आज ओरडून सोळा वेळा फिरवली, न ओरडताही काही वेळा. ओरडून फिरवली तर सुई पडते, न ओरडता फिरवली तर आडव्या आठवरून हलत नाही. वायरीला काय कान असतात? जेवताना हे सांगितलं तर अक्कम्मा ताटावरून उठून गेल्या. ईश्वरप्पा मात्र दिवसभर खुर्ची ओढून शेजारीच बसले होते. अजून एकदा फिरवा की, असं सारखं म्हणत होते. सुई पडली की ते हसतात. मला ते हसणं आवडलं नाही.

गुरुवार, ११
ईश्वरप्पा गावात गेल्यावर मेन बंद करून कोठीच्या दाराला कान लावला. आत बाई आहे. गुरम्मा.

ती हळूच म्हणाली, "अण्णा, ते फिरवू नका की. लई भाजतं."

तिने पळू नये म्हणून नवऱ्याने दाराच्या आतल्या लोखंडी कड्याला वीज जोडली आहे. नळाला येते ती तिथलीच. ती ओरडली तर तो तिचं पाणी बंद करतो. मी मेन बंद केला की कडं थंड पडतं, हे तिच्या ध्यानात आलं. परक्या माणसाचा आवाज ऐकला की ती दार हलवायला कडं धरायची.

आणि मी आवाज देऊनच फिरवत होतो. एकट्या कालच सोळा वेळा. देवा रे.

शुक्रवार, १२
ईश्वरप्पांना म्हणालो, तिला सोडा, नाहीतर पोलिसांत जातो. ते शांतपणे म्हणाले, आमी नुसती वायर जोडली, फिरवलं कुनी?

मी पोलिसांत गेलो नाही. त्यांच्याच घरी जेवलोसुद्धा. मी भ्याड आहे.

शनिवार, १३
मायलेक जेऊरला गेले. घराला बाहेरून कुलूप. खिडक्यांना गज. मीही आतच —

तिचा पाण्याचा तांब्या कोठीबाहेर, भरलेलाच. कालपासून तिथेच. मेन बंद केला. कोठीचं दार पत्र्याचं, हातोडीने नुसते पोचे पडतात. सकाळी तिने आतून दोनदा टकटक केली. दुपारनंतर नाही.

रविवार
हातोडीचा दांडा मोडला. तांब्याभर पाणी दाराखालून ओतलं. आत गेलं की नाही — हाका मारल्या. उत्तर नाही.

तिच्यापर्यंत पोचणारी एकच गोष्ट उरली, ती वायर. जिवंत असेल, कडं धरलं असेल, तर सुई पडेल. दुसरं काही कळायला मार्ग नाही.

मेन बंदच आहे. ओरडलो. फिरवली.

आडवा आठ.

पुन्हा ओरडलो. घसा बसला. आडवा आठ. वायर निर्दोष —

गुरम्मा, ऐक की. भाजू दे, पण एकदा हात लाव. एकदाच — सुई जरा तरी —