मेन बंद आहे

३ फेब्रुवारी, शनिवार
मुलुंडचं घर मिळालं. भाड्याचं, तिसरा मजला, उजेड भरपूर. आईला स्वयंपाकघराची खिडकी आवडली. पुस्तकांची अकरा खोकी चढवताना हमाल म्हणाला, साहेब, एवढं वाचून कोण आमदार झालाय? मी हसलो. भाडेकरू संघात वीस वर्षं भाषणं ठोकतोय, हा टोमणा रोजचा आहे. वॉशिंग मशीन मात्र दारातल्या बोळातच ठेवावं लागलं, लोखंडी सेफ्टी डोअरच्या चौकटीला खेटून.

५ फेब्रुवारी, सोमवार
फ्रिज उघडताना आईच्या हाताला मुंग्या आल्या. तिला वाटलं, वय झालं. मी हात लावून पाहिला. वय नव्हे, वीज. शेजारच्या प्रेमाताई म्हणाल्या, आधीच्या भाडेकरूने हँडलला फडकं बांधून तीन वर्षं काढली, तुम्ही तिसऱ्या दिवशीच घाबरलात? आईला यातलं काही ऐकू गेलं नाही. तिचे दोन्ही कान गेलेत. ती माझा चेहरा वाचत होती, आणि मला तो सावरता आला नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार
फ्रिज, गिझर, मशीन, कुठेही टेकवा, टेस्टरचा दिवा पेटतो. बोर्ड उघडला. आत अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या तारा, टोकं काळवंडलेली, स्क्रू सैल. अर्थिंगच्या पिनेमागे तारच नाही. अख्ख्या घरात नाही. मालक चंद्रप्रकाश फोनवर म्हणाले, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, पाडायच्या भिंतीत तांबं कोण घालतो? मी म्हटलं, भिंत पाडायचीय, माणसं नाही. अर्धा तास सुनावलं, तेव्हा वायरमन कबूल केला. मी अट घातली: फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून तो पेटलेला मला दाखवायचा.

१० फेब्रुवारी, शनिवार
मिथुन वायरमन आला. तासाभरात काम फत्ते. बल्ब झकास पेटला. मुंग्या गेल्या. संघाच्या सभेत हे उदाहरण देणार आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार
दिवे मंदावतात, मग भगभगतात. पंखा आपोआप वेग घेतो. जळक्या प्लास्टिकचा वास.
फ्रिजचं सॉकेट उघडलं. मिथुनने जमिनीतून अर्थिंग आणलंच नाही. न्यूट्रलपासून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेपासून, अर्थिंगच्या पिनेला वायरचा बोटभर तुकडा जोडलाय. बल्ब पेटला तो त्यामुळे. फोन केला तर म्हणतो, तुम्हाला बल्ब पेटायला हवा होता ना? पेटला ना?
अ‍ॅल्युमिनियम तापून सैल होतं. न्यूट्रल कुठे सुटला, तर वीज या तुकड्यातून थेट फ्रिज-मशीनच्या पत्र्यावर येणार. फ्रिजचा तुकडा कापला, गिझरचा कापला. मशीनचं सॉकेट मशीनच्या मागे आहे. एकट्याने हलत नाही. सकाळी कुणाला तरी—

१३ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा
आई भाजीला गेलीय. दिवे भगभगले आणि गेले. मी मेन पाडला. तरी मशीनला टेस्टर लावला, तर पेटतो. सेफ्टी डोअरला लावला, तिथेही.
मेन बंद आहे.
खाली न्यूट्रल सुटला असणार. आमचा मेन फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडतो; न्यूट्रल जोडलेलाच राहतो. शेजाऱ्यांची वीज न्यूट्रलमधून उलटी आमच्याकडे येतेय. तुकड्यातून मशीनवर. मशीनवरून दारावर.

१०.५०
मशीन दारापासून ओढायला गेलो. नळी निसटली, पाणी— फेकला गेलो. उजवा पाय हलत नाही. बोळात पाणी, फोन पाण्यापलीकडे. खिडकीतून ओरडतोय. बाजूच्या टॉवरचं ड्रिल चालू आहे. प्रेमाताई कामावर.

११
आई खालच्या नळावर पाय धुऊन वर येते. दाराशी चपला काढते, मगच दाराला हात लावते. गावापासूनची सवय. ओले पाय, उघडे—
पानं फाडून खाली टाकतोय. मोठ्या अक्षरात. आई, दाराला हात लावू नकोस.
पहिलं छज्ज्यावर अडकलं. दुसरंही.

ड्रिल थांबलं. आता माझी हाक सगळ्यांना ऐकू जाईल, तिला सोडून.
जिन्यात चपला. तिच्याच. आतलं लाकडी दार बंद, मी तिला दिसत नाही—
ओरडतोय. खाली कुणीतरी काय झालं विचारतंय. वर या, तिला धरा, दाराला हात—
चपला थांबल्या.
काढल्या.
आई, किल्ली नको, आई, मेन बंद आहे तरी