एकशे चोवीस स्वच्छ दगड

कोल्हापूर, मंगळवार

ती. अण्णाप्पामामांना सा. न.

तब्येतीची चौकशी खाली केली आहे. आधी घडले ते, क्रमाने :

१. गगनबावड्याकडच्या वाडीतला महादेवाचा मंडप दुरुस्तीसाठी उतरवला. दगड एकशे चोवीस.
२. प्रत्येक दगडावर मी क्रमांक घातला.
३. गेल्या बुधवारी तिथल्या बायकांनी सगळे दगड धुतले.
४. क्रमांक गेले.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींना सांगा, मी वेळेवर जेवते (हे खरे नाही, पण त्यांना बरे वाटेल).

दगडाला कायमचा डाग नको म्हणून रंग मुद्दाम पाण्याने जाणारा घेतला होता. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. नियमात अंबूबाई नव्हत्या. "देवाच्या अंगावर आकडं कसलं? काथ्यानं घासलं की," त्या म्हणाल्या, आणि मी यादी उघडल्यावर, "मोजून घे बाई, एक बी दगड कमी न्हाय." मोजले. कमी नव्हता. माझ्याकडे फोटो आहेत. त्यांत क्रमांक ठळक दिसतात, दगड सगळे सारखेच काळे. मंडपात चुना नाही, सिमेंट नाही. एकाच्या खाचेत दुसऱ्याचा उंचवटा बसतो आणि वरचे ओझे सगळ्यांना आवळून धरते. म्हणजे एक चुकला की पुढचा बसत नाही. पाच दिवसांत अकरा बसवले, त्यातले नऊ परत काढले. देवस्थान समितीचे अध्यक्ष राजवर्धन रोज येऊन बघतात (खुर्ची घेऊन येतात). "मॅडम, ताण घेऊ नका. सोमवारी मिक्सर येतोय, स्लॅब ओतून टाकूया की." आठशे वर्षे नुसत्या वजनावर उभा राहिलेला मंडप स्लॅबखाली जाईल, आणि फलकावर दुरुस्ती करणारी म्हणून माझे नाव असेल.

बाकी ठीक.

आपली भाची,
शिवांजली

ता. क. : दगडांच्या तळाला छिन्नीच्या बारीक खुणा आहेत. त्रिशूळ, मासा, दोन रेघा. जो दगड ज्याला भिडतो, त्या दोघांवर एकच खूण. माझ्या अहवालात त्या 'किरकोळ ओरखडे' म्हणून नोंदल्या आहेत.

आणखी ता. क. : तुम्ही चाळीस वर्षे दगड घडवलात. पाडव्याला म्हणाला होतात, "जुनं पाथरवट खुणा घालत्यात, पोरी. आदी तळ बघ." मी "बघते" म्हणाले होते. नीट बघितला नव्हता. अंबूबाईंनी घासल्यावर दिसला.

शेवटचे : निम्म्या खुणा झिजल्यात, मला लागत नाहीत. तुम्हाला बोटाने लागतील. गडहिंग्लजहून शनिवारी सकाळची एसटी आहे, स्टँडवर मी असेन. येता की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवा.